मांजा कधी कटतो, याची टेस्ट आधी लिहा

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही तिघं मित्र संक्रांतीच्या पतंगबाजीवर युनिटी या गेम इंजिनमध्ये मोबाईल गेम करताय. दोन खेळाडू, दोन फोन, आणि आकाशात पेच. कॉलेजात टीडीडी, म्हणजे आधी टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड) आणि मग खरा कोड, असं शिकवलं होतं. पण ओळखीच्या एका सिनियरने सांगितलं की गेममध्ये याचा काही उपयोग नाही. गेम रोज बदलतो, टेस्ट लिहीत बसलात तर पुढची संक्रांतही हातची जाईल. खरं काय, आणि लिहायच्याच असतील तर सुरुवात कुठून करायची?

मी सोळा वर्षं गेम प्रोग्रामिंग करतोय. आधी पुण्यात, आता बरीच वर्षं इथे नागपुरात. माझं मत स्पष्ट आहे. उपयोग आहे आणि मोठा आहे, पण गेमच्या ठरावीक भागात. तो भाग ओळखता आला नाही, तर तुमच्या सिनियरचं म्हणणं खरं ठरेल. त्यांनी बहुधा एखादी टीम नको त्या जागी टेस्ट लिहिताना दमलेली पाहिली असेल. मीही पाहिली आहे.

त्यांची बाजू आधी नीट समजून घेऊ. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बरोबर उत्तर आधीच ठाऊक असतं. गेममध्ये 'पतंग हाताला जिवंत लागते का' याचं उत्तर कुठल्याच टेस्टमध्ये लिहिता येत नाही. फोन मित्राच्या हातात द्यायचा आणि त्याचा चेहरा बघायचा, तेव्हाच ते कळतं. शिवाय गेमचा बराच कोड इंजिनला चिकटलेला असतो. फिजिक्स, ॲनिमेशन, कॅमेरा, आवाज, टच. 60 एफपीएस, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम, हवे असतील तर हे सगळं दर 16.67 मिलिसेकंदांत एकदा पळवायचं असतं. त्यात पहिल्या एक-दोन महिन्यांत लिहिलेल्यापैकी बरंचसं फेकलंच जातं, आणि फेकलं गेलेलंच बरं असतं.

म्हणून प्रोटोटाइपला, म्हणजे कल्पना चाचपायला केलेल्या कच्च्या गेमला, टेस्ट लिहू नका. शनिवार-रविवारच्या गेम जॅममध्ये मीही लिहीत नाही. एक पथ्य मात्र पाळा: फेकायचा म्हणून लिहिलेला कोड खरोखर फेका. माझ्या अनुभवात गेमचे सगळ्यात जास्त हाल याच कोडने केले आहेत, दोन दिवसांत घाईने लिहिलेला आणि मग 'चालतोय ना, राहू दे' म्हणून दोन वर्षं तसाच पुढे ओढलेला.

आता मुद्द्यावर येतो. टीडीडीची रीत छोटी आहे. एक टेस्ट लिहायची, ती लाल म्हणजे नापास झालेली बघायची, ती हिरवी म्हणजे पास होईल एवढाच कोड लिहायचा, मग कोडची साफसफाई करायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. केंट बेक यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी ही रीत नावारूपाला आणली. टेस्ट चालवायचं जेयुनिट हे साधन त्यांनी आणि एरिक गामा यांनी 1997 मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून लिहायला घेतलं. युनिटीच्या टेस्ट फ्रेमवर्कखाली जे एनयुनिट आहे, ते त्याच घराण्यातलं.

पण रीत पाठ असून भागत नाही, ती कुठे लावायची ते कळावं लागतं. मी गेमचे दोन थर मनात ठेवतो. एक नियमांचा: कोण जिंकलं, किती गुण, मांजा कधी कटला, नाणी किती उरली. दुसरा अनुभवाचा: पतंग किती डुलते, फोन कसा थरथरतो, 'ओ काट'चा आवाज कधी येतो. पहिल्या थराला बरोबर-चूक असतं. दुसऱ्याला बरं-वाईट असतं. टेस्ट आधी लिहायची ती पहिल्या थराची. गेममधल्या टीडीडीची खरी किंमत मला यातच दिसते की ती हे दोन थर वेगळे करायला भाग पाडते. नुसतं ठरवून ते वेगळे राहत नाहीत. आपण सगळं दर फ्रेमला चालणाऱ्या एकाच अपडेट फंक्शनात कोंबतो.

तुमच्याच गेमचा नियम घेऊन बघू. माझं लहानपण नागपूरच्या महाल भागातल्या गच्च्यांवर गेलं, त्यामुळे हा विषय माझ्या जिवाभावाचा आहे.

पेच लागला की मांजा का कटतो? ढील दिली की आपला मांजा सरसर सुटत जातो. घासणं त्याच्या कितीतरी मीटर लांबीवर वाटलं जातं. समोरचा नुसता धरून उभा असेल, तर त्याच्या मांज्याचा एकच बिंदू सगळी घासाघीस सोसतो, आणि तिथेच तो तुटतो. खेच मारणाऱ्यालाही याच गोष्टीचा फायदा मिळतो. म्हणजे धार आणि ताण यांच्या जोडीला आपला मांजा किती वेगाने सरकतोय हेही नियमात यायला हवं.

हे आता टेस्ट म्हणून लिहा. तिचं नाव ठेवा: थांबलेला_मांजा_सुटणाऱ्या_मांज्याआधी_कटतो. युनिटीचा कोड ज्या भाषेत लिहितात त्या सी-शार्पमध्ये देवनागरी नावं चालतात. आमच्या टीममध्ये नियमांच्या टेस्टची नावं मराठीतच असतात, कारण मग डिझायनरही ती वाचतो आणि 'हे असं नाही' म्हणून भांडतो. असं भांडण झालं की मला फार बरं वाटतं. चूक कोड लिहिण्याआधी सापडलेली असते.

टेस्टच्या आत दोन मांजे तयार करा. दोघांची धार सारखी, ताण सारखा. एक सेकंदाला तीन मीटर वेगाने सुटतोय, दुसरा थांबलेला. पेच लावा, दोन सेकंद पुढे सरकवा, आणि विचारा: थांबलेल्याची झीज जास्त आहे ना? चालवा. लाल. कारण 'मांजा' नावाचा क्लासच अजून नाही.

इथे एक क्षण थांबा. ही टेस्ट लिहिताना तुम्हाला गेम ऑब्जेक्ट लागला नाही. सीन उघडावा लागला नाही. लाइन रेंडरर, रिजिडबॉडी, कॅमेरा, इंजिनमधलं काहीच लागलं नाही. धार, ताण, वेग, वेळ, एवढ्यावर काम झालं. तुम्ही उलट बाजूने, म्हणजे थेट सीनमध्ये बसून सुरुवात केली असती, तर हा नियम कोलायडरच्या धडकेच्या फंक्शनात जन्मला असता आणि कायम तिथेच अडकला असता. पुढे फिजिक्सची एखादी सेटिंग बदलली की कोण जिंकतो तेही बदललं असतं, आणि तिघांपैकी कोणालाच कारण कळलं नसतं.

आता टेस्ट हिरवी होईल एवढाच कोड लिहा. वाऱ्याचं सगळं गणित याच वेळी मांडायचा मोह होईल, आवरा. वेग जास्त तर एका बिंदूवरची झीज कमी, एवढं एक नातं पुरे.

दुसरी टेस्ट: दोन्ही मांजे अगदी सारखे. मग कोण कटतो? हा प्रश्न तुम्ही तिघांनी एकमेकांना विचारला नसेल, कारण सीनमध्ये खेळताना दोन मांजे कधीच तंतोतंत सारखे नसतात असं वाटतं. पण फोनवर असतात: दोघांनी काहीच केलं नाही तर दोघांचे आकडे एकच. टेस्ट नसेल तर तुमचा कोड खेळाडूंच्या यादीतून क्रमाने फिरेल, पहिल्याची झीज मर्यादेपलीकडे गेलेली दिसताच त्याला हरवेल आणि लूपमधून बाहेर पडेल. यादीत पहिला कोण? ज्याने रूम उघडली तो. म्हणजे बरोबरीचा प्रत्येक पेच यजमान हरणार. खेळणाऱ्यांना हे नेमकं सांगता येत नाही. 'गेममध्ये काहीतरी चीटिंग आहे' एवढं लिहून ते एक तारा देऊन निघून जातात. गच्चीवर मात्र उत्तर सोपं असतं: दोन्ही पतंगा जातात, आणि खालची पोरं दोन्हींच्या मागे पळतात. तेच उत्तर टेस्टमध्ये लिहा.

तिसरी टेस्ट माझ्या मते कुठल्याही गेममध्ये असलीच पाहिजे. तोच पेच, तेच दोन सेकंद, पण एकदा 30 एफपीएसने म्हणजे 60 पावलांत, आणि एकदा 120 एफपीएसने म्हणजे 240 पावलांत. दोन्हीकडे झीज जवळजवळ सारखीच यायला हवी. तुमच्या खेळाडूंपैकी एकाच्या हातात चार वर्षं जुना फोन असेल, जो उन्हात तापून धापा टाकतोय, आणि दुसऱ्याच्या हातात 120 हर्ट्झचा नवा. 'दर फ्रेमला इतकी झीज' असं कुठेही लिहून बसलात, तर नव्या फोनवाल्याचा मांजा चौपट वेगाने झिजेल.

नामांकित गेममध्येही हे घडलेलं आहे. 'डार्क सोल्स 2' मध्ये शस्त्रांची झीज फ्रेमशी बांधलेली होती. पीसीवर 60 एफपीएसने खेळणाऱ्यांची शस्त्रं 30 च्या मानाने दुप्पट वेगाने खराब व्हायची, आणि ते 2015 मध्ये पॅच देऊन दुरुस्त झालं. 'क्वेक 3' मध्ये उडीचं गणित दर फ्रेमला पूर्णांकात बसवलं जायचं, म्हणून 125 एफपीएसवर उडी थोडी उंच जायची, आणि खेळाडू मुद्दाम तेवढेच एफपीएस लावून खेळायचे. दोन्ही टीम अव्वल होत्या. ही चूक डोळ्यांना दिसतच नाही, कारण बनवणारा आपल्या एकाच मशीनवर, एकाच वेगाने खेळत असतो. टेस्टमध्ये ती दहा ओळींत दिसते.

यातून पुढचा धडा आपोआप निघतो: नियमांच्या कोडने घड्याळाकडे स्वतः बघायचं नाही. टाइम डॉट डेल्टाटाइम (मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते सांगणारा युनिटीचा आकडा) हे शब्द नियमांच्या फोल्डरमध्ये दिसता कामा नयेत. किती वेळ गेला ते बाहेरून सांगायचं. नशिबाचंही तसंच. वाऱ्याचा झोत कधी येणार हे रँडमवर असेल, तर रँडम देणारी वस्तू बाहेरून हातात द्यायची आणि तिला ठरावीक बीज द्यायचं, म्हणजे असा सुरुवातीचा आकडा की ज्यातून दर वेळी तोच क्रम निघतो. मग टेस्टमध्ये सांगता येतं: 'तिसऱ्या सेकंदाला डावीकडून झोत, आता बघू.'

हे जमलं की एक मोठी गोष्ट फुकटात मिळते. खेळाडूने काय काय केलं ते साठवून ठेवायचं, तोच खेळ पुन्हा चालवायचा, आणि शेवट तोच येतो का ते बघायचं. 1993 च्या 'डूम'चे डेमो असेच चालायचे. त्यात चित्रफीत नसायचीच. सेकंदाला 35 टिकच्या हिशोबाने बटणांची नोंद असायची, आणि रँडम आकडे 256 आकड्यांच्या एका ठरलेल्या तक्त्यातून यायचे, म्हणून तोच खेळ पुन्हा तसाच उभा राहायचा. 'फॅक्टोरियो'चं मल्टिप्लेअर याच पायावर उभं आहे: प्रत्येकाच्या मशीनवर तेच इनपुट, तेच गणित, तोच निकाल. तुमच्यासाठी सावधगिरी एवढीच की फ्लोटचं, म्हणजे दशांश आकड्यांचं, गणित दोन वेगवेगळ्या फोनवर शेवटच्या दशांशापर्यंत जुळेलच याची खात्री नसते. म्हणून पेचाचा निकाल एकाच ठिकाणी लावा, सर्व्हरवर किंवा यजमानाच्या फोनवर, आणि दुसऱ्याला तो कळवा. आणि टेस्टमध्ये दोन फ्लोट कधीही 'बरोबर समान आहेत का' असं तपासू नका, 'इतक्या फरकाच्या आत आहेत का' असं तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टीडीडी सुरू करून सोडून देणाऱ्या टीम बहुतेक याच ठिकाणी अडखळतात.

समजा तुम्ही टेस्टमध्ये लिहिलं, 'दोन सेकंदांनी झीज 37.5 असली पाहिजे.' आज हिरवी. उद्या डिझायनर म्हणतो पेच फार लवकर संपतोय, धार थोडी कमी कर. आकडा बदलला, चाळीस टेस्ट लाल. कुठलाही नियम मोडलेला नाही, फक्त चव बदलली आहे. असं तीनदा झालं की चौथ्यांदा कोणीतरी टेस्टच बंद करून टाकतो, आणि तुमच्या सिनियरचं म्हणणं तिथे सिद्ध होतं.

टेस्टमध्ये आकडा गोठवू नका, नातं लिहा. ताण वाढला की झीज वाढते, कधीच कमी होत नाही. थांबलेला आधी कटतो. झीज कधी ऋण होत नाही. कटलेला मांजा पुन्हा जोडला जात नाही. पेच सुटला की झीज थांबते, पण झालेली झीज पुसली जात नाही. ही वाक्यं गेमचा स्वभाव सांगतात आणि धार 5 असो की 9, ती खरीच राहतात. आकडे सगळे कोडच्या बाहेर, युनिटीच्या स्क्रिप्टेबल ऑब्जेक्ट नावाच्या डेटा फायलींमध्ये ठेवा, डिझायनरला रात्रंदिवस खेळू दे त्यांच्याशी. टेस्टसाठी स्वतःचे वेगळे, सोपे आकडे वापरा.

'गेम रोज बदलतो' या आक्षेपाचं माझं उत्तर यातच आहे. गेम रोज बदलतो म्हणूनच मला टेस्ट हव्यात. मजा सापडेपर्यंत शंभर वेळा बदल करावे लागतात. प्रत्येक बदलानंतर 'काही मोडलं तर नाही ना' या धास्तीने अर्धा तास हाताने खेळून बघावं लागलं, तर माणूस दहा बदलांत थकतो आणि अकराव्याला म्हणतो, बरं आहे हेच. तीन सेकंदांत उत्तर मिळालं तर तो एकशे एकावा बदलही करून बघतो.

हे मी ज्या अनुभवातून शिकलो तो सांगतो. पुण्यातल्या एका कंपनीत आम्ही क्रिकेटचा मोबाईल गेम करत होतो. 2015 च्या जुलैमध्ये एकदिवसीय क्रिकेटचा नियम बदलला. आधी फक्त पाय रेषेपुढे पडून झालेल्या नो-बॉलवर फ्री हिट मिळायची, आता कुठल्याही नो-बॉलवर मिळू लागली. आमच्यासाठी हा दोन ओळींचा बदल होता. केला, दोन दिवस खेळून बघितला, सोडला.

आठवड्याभरात तक्रारी आल्या. फ्री हिटवर वाईड पडला तर खरं म्हणजे पुढचा बॉलही फ्री हिटच असतो. आमच्या बदलानंतर वाईड पडताच फ्री हिट संपून जायची. टेस्टर मुलांनी शेकडो षटकं खेळली होती, पण नो-बॉल, लगेच वाईड, आणि मग विकेट, असा योग त्यांना आलाच नव्हता. खेळणाऱ्या लोकांना मात्र आला, तोही शेवटच्या षटकात. ते दुरुस्त केलं, तर रन-आऊट बिघडला: फ्री हिटवर फलंदाज रन-आऊट होऊ शकतो, आमच्या दुरुस्तीने त्यालाही अभय मिळालं. तेही दुरुस्त केलं. तिसऱ्या रात्री आमच्यातला सगळ्यात शांत मुलगा कीबोर्ड बाजूला सारून म्हणाला, "दादा, आता मला याला हात लावायची भीती वाटते."

त्या वाक्याने मी बदललो. दुसऱ्या दिवशी आम्ही कोड बंद केला आणि कागदावर नियम लिहिले, एका ओळीत एक. फ्री हिटवर वाईड: पुढचाही फ्री हिट. फ्री हिटवर नो-बॉल: तसंच. फ्री हिटवर झेल: नाबाद. रन-आऊट: बाद. प्रत्येक ओळीची टेस्ट झाली. टेस्ट लिहितानाच आणखी दोन चुका सापडल्या, ज्यांची तक्रार अजून कोणी केली नव्हती. मग जुना कोड पुसून नवा लिहिला. एकेक टेस्ट लाल, मग हिरवी. त्यानंतर नियम बदलले तेव्हा आम्ही आधी टेस्ट बदलायचो, ती लाल व्हायची, आणि मगच कोडला हात लावायचो. तो शांत मुलगा पुढे त्या भागाचा सगळ्यात बिनधास्त माणूस झाला.

अनुभवाच्या थराचं काय? तिथे आधी टेस्ट लिहायचा हट्ट मी धरत नाही. पतंगीचं डुलणं, कॅमेऱ्याची चाल, कंपन, हे डोळ्यांनी आणि हातांनी ठरतं. तिथे मी वेगळी, ढोबळ राखण ठेवतो. एक बॉट बनवतो जो वेड्यासारखी बटणं दाबत राहतो, रात्रभर चालवतो, आणि सकाळी बघतो: पतंग आकाशाच्या चौकटीबाहेर गेली का, गेम अडकला का, कुठे 'नॅन' झालं का. हे नॅन फार छळतं. वाऱ्याचा वेग शून्य झाला, तुमच्या सूत्रात शून्याला शून्याने भागलं गेलं, आणि पतंगीची जागा 'आकडाच नाही' अशी झाली. मग 'उंची शून्यापेक्षा कमी आहे का' असं विचारलं तरी उत्तर नाही, आणि 'जास्त आहे का' विचारलं तरी नाही. तुमचा एकही इफ तिला पकडत नाही. पतंग नुसती नाहीशी होते.

मोठ्या टीमचा दाखला हवा असेल तर दोन देतो. हाय मून स्टुडिओजमध्ये नोएल लोपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005-06 च्या सुमारास कन्सोल गेमसाठी टीडीडी मनापासून वापरलं आणि त्याबद्दल उघडपणे लिहिलं-बोललं. गेमवाल्यांना हे जमतं का, या वादाला तिथून धार आली. दुसरा दाखला ब्रिटनच्या रेअर स्टुडिओचा. 'सी ऑफ थीव्ह्ज' 2018 मध्ये आला, अनरियल इंजिनवर, आणि सतत अपडेट होत राहणार हे आधीपासून ठरलेलं होतं. त्यांनी ऑटोमेटेड टेस्टवर मोठी भिस्त ठेवली. पण पूर्ण नकाशा लोड करून चालणाऱ्या टेस्ट मंद आणि लहरी निघाल्या, म्हणून त्यांनी मधला एक प्रकार वाढवला: इंजिनमधल्या दोन-चार वस्तू घेऊन, बाकी जग न उभारता, एकच गोष्ट तपासायची. तुम्हालाही हे लागेल. युनिटीत एडिट मोड आणि प्ले मोड अशा दोन तऱ्हेच्या टेस्ट असतात. नियम सगळे एडिट मोडमध्ये, म्हणजे गेम न चालवता, क्षणात संपणारे. प्ले मोडच्या, म्हणजे गेम चालवून होणाऱ्या, टेस्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या: रूम उघडते, पेच लागतो, निकाल दोन्ही फोनवर पोचतो.

वेळ किती जाईल? 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तीन आणि आयबीएमच्या एका टीमचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. टीडीडी वापरणाऱ्या टीममध्ये रिलीजपूर्वीचे दोष, तशाच इतर प्रकल्पांच्या तुलनेत, 40 ते 90 टक्क्यांनी कमी होते, आणि सुरुवातीचा वेळ 15 ते 35 टक्क्यांनी जास्त गेला, असा टीमच्या व्यवस्थापकांचा अंदाज होता. या टीम गेमच्या नव्हत्या, त्यामुळे आकडे जसेच्या तसे तुमच्यावर बसवू नका. पण दिशा माझ्या अनुभवाशी जुळते. पहिले दोन महिने हळू वाटतं. तुमच्या गेमचा सगळा धंदा जानेवारीच्या दोन आठवड्यांचा. 14 तारखेच्या सकाळी सापडलेला बग दुरुस्त करून, प्ले स्टोअरच्या तपासणीतून पार करून, लोकांच्या फोनवर जाईपर्यंत संक्रांत संपलेली असते. दिवाळीत थोडं हळू चालणं मला या मानाने स्वस्त वाटतं.

एक गोष्ट टेस्टच्या बाहेरची आहे, पण मनातली आहे म्हणून सांगतो. गेममध्ये नायलॉन मांजा ठेवू नका, 'पॉवर-अप' म्हणूनही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी आपल्या शहरात दर संक्रांतीला कोणाचा तरी गळा, कोणाचा हात कापला जातो, पक्ष्यांची तर मोजदादच नाही. तुमचा गेम शाळेतली पोरं खेळणार आहेत. हा नियम टेस्टमध्येही लिहून टाका: मांज्याच्या प्रकारांच्या यादीत ते नाव नाही.

आता सुरुवात. प्रोजेक्टमध्ये 'नियम' नावाचं वेगळं फोल्डर करा आणि त्याला स्वतःची असेम्ब्ली डेफिनिशन (त्या फोल्डरचा कोड वेगळा कंपाइल करायला सांगणारी युनिटीची फाईल) द्या. तिच्या सेटिंगमध्ये इंजिनचे संदर्भ नकोत असा एक पर्याय आहे, त्यावर टिक करा. मग या फोल्डरमध्ये कोणी चुकून युनिटीचं काही वापरलं तर कंपायलरच अडवेल; तुम्हाला एकमेकांवर पहारा ठेवावा लागणार नाही. वर सांगितलेल्या तीन टेस्ट आज रात्री एकत्र बसून लिहा, एकाच लॅपटॉपवर, आळीपाळीने: एकाने टेस्ट लिहायची, दुसऱ्याने ती हिरवी करायची, तिसऱ्याने 'गच्चीवर असंच होतं का' हे विचारत राहायचं. आधीचा प्रोटोटाइप शेजारी उघडा ठेवा, पण त्यातून कॉपी करू नका.

आणि नियम हिरवे झाले की इतवारीत किंवा महालात असा एखादा काका शोधा जो चाळीस वर्षं पेच लढवतोय आणि ज्याने आयुष्यात कधी गेम खेळला नाही. त्याच्या हातात फोन द्या. तो म्हणेल, "ढील हलकी वाटून राहिली, पोरांनो." आकडा बदला, टेस्ट चालवा, तीन सेकंद थांबा, आणि फोन परत त्याच्या हातात द्या.